घड्याळ माझं, हात सत्यभामेचा

१२ फेब्रुवारी २०२४, सोमवार

अनुचं पार्सल आलं. कुरिअरवाला सिरसाळ्याच्या पुढं येत नाही, म्हणून दूध संस्थेचा सचिव शहादेव मोटारसायकलवर जाऊन घेऊन आला. आत घड्याळ. काळं, चौकोनी, काटे नाहीत. अनु म्हणजे आमची एकुलती एक लेक, अनुराधा. पुण्याला असते, नवरा-बायको दोघंही कॉम्प्युटरवर. तिच्या ऑफिसातल्या कोणाचे तरी वडील बसल्या जागी गेले, तेव्हापासून तिनं माझी काळजी घ्यायला सुरुवात केली आहे.

घड्याळ पावलं मोजतं, झोप मोजतं, नाडी बघतं. काळजाचे ठोके वेडेवाकडे पडले तर तेही सांगतं म्हणे. त्यात स्वतःचं सिम आहे, त्यामुळं ते कुठंही असलं तरी सगळी माहिती आधी माझ्या मोबाइलवर, तिथून थेट अनुच्या मोबाइलवर. तिनं व्हिडिओ कॉलवर सगळं सेट करून घेतलं. नाव, वय, वजन. वजन जरा कमी सांगितलं. उन्हाळ्यात तेवढं उतरणारच आहे.

संकल्प: उद्यापासून पहाटे उठून सिरसाळा रोडनं चालणे. रोज आठ हजार पावलं. साखर बंद.

१३ फेब्रुवारी

गारठा होता. साखर घरात आधीच आणून ठेवलेली आहे, ती संपली की बंद.

१५ फेब्रुवारी

अनुचा फोन. म्हणाली, अण्णा, दिवसभरात नऊशेच पावलं कशी? मी म्हणालो, मीटिंगा.

खोटं नाही ते. आमची दूध संस्था महिलांची आहे. चेअरमन सौ. सत्यभामा राधाकिशन. राधाकिशन म्हणजे मी. कारभार मी बघतो. बाईमाणसाला दूध संघाचे साहेब, ऑडिट, फॅटची भांडणं, हा ताप कशाला? सही ती करते, खुर्चीवर मी बसतो. गावात चेअरमन म्हणून हाक मारली की मीच वळून बघतो. तिनं कधी वळून बघितल्याचं मला आठवत नाही. आणि खुर्चीवर बसून पावलं पडत नाहीत, हे त्या घड्याळाला कोण सांगणार.

१७ फेब्रुवारी

सुचलं. एवढं साधं आधी कसं सुचलं नाही याचं नवल वाटतं.

सत्यभामा नाही तरी चालतेच. गावाच्या विहिरीत टँकर ओततात, तिथं पाणी शेंदायला जाते. मग गोठा, मग म्हशींना घेऊन ओढ्याकडं, मग दूध घालायला संस्थेत, परत विहीर. ही सगळी पावलं फुकट जात होती. आज सकाळी घड्याळ तिच्या मनगटाला बांधलं. संध्याकाळी बघतो तर अकरा हजार.

तिनं विचारलं, कावून बांधलंय हे? मी म्हणालो, चार्जिंग टिकतं का ते बघायचंय.

यात फसवणूक काही नाही. एका घरातली पावलं. सातबारा माझ्या नावावर, खुर्ची तिच्या नावावर, गॅस तिच्या नावावर, वापर सगळ्यांचा. पावलांचं तेवढं वेगळं कावून मोजायचं? रविवारी मी स्वतः घालत जाईन.

२ मार्च, शनिवार

अनु भलतीच खूश. माझी पावलं तिनं नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकली. जावईबापूंनी दंड फुगवलेलं चित्र पाठवलं. निवृत्त मास्तर विठ्ठलराव पारावर भेटले, म्हणाले, चेअरमन, या वयात दहा-दहा हजार, गुपित काय? मी म्हणालो, शिस्त. त्यांना थोडं मार्गदर्शनही केलं. सुरुवातीला पोटऱ्या दुखतात, सोडायचं नाही, वगैरे.

रविवारी घालायचं राहून जातं. त्या दिवशी ग्रुपवर आकडा कमी दिसला तर लोक काळजी करतील.

१२ मार्च

दूध निम्म्यावर आलं. कडबा मिळत नाही, ज्यांच्याकडं आहे ते दडवून बसलेत. घाटनांदूरच्या बाजाराला गेलेली जनावरं परत येत नाहीत. काल छबुबाईनं गाय काढली. छबुबाई आमची शेजारीण, संस्थेची संचालकही आहे. कागदावर. तिचा कारभार तिचा दीर बघतो.

निर्णय: संस्थेमार्फत चारा छावणी काढायची. चारशे जनावरं. मंडप, पाण्याच्या टाक्या, वर बोर्ड. प्रस्ताव तयार केला. सत्यभामेची सही घेतली. ती चुलीपुढं होती, कशावर सही आहे ते विचारत नाही, चांगली सवय आहे.

१८ मार्च

आचारसंहिता लागली. तहसीलचे साहेब म्हणाले, प्रस्ताव निवडणुकीनंतर. जनावरांनी तोवर काय खायचं, असं मी विचारणार होतो. साहेब जेवायला गेले.

घरी आलो तर सत्यभामा दारात बसलेली, कळशी बाजूला. म्हणाली, अवो, छातीत कसंतरी हुतंय. कोंबडीनं पंख झाडल्यावानी फडफड. मंग येकदम थांबतंय, मंग पुन्हा. पायातलं बळ गेल्यावानी हाय. मी म्हणालो, ॲसिडिटी. चहा कमी कर. माझा चहा मात्र तिनं केला.

२१ मार्च, गुरुवार

पडून लिहितोय, अक्षर वाईट येईल.

दुपारी संस्थेत होतो. फॅट कमी का लागली यावरून एका बाईशी वाद चालला होता. मोबाइल वाजला. मराठीत स्पष्ट लिहिलेलं: राधाकिशन, तुमच्या हृदयाचे ठोके अनियमित असल्याची चिन्हं आढळली आहेत, डॉक्टरांना भेटा.

पहिल्यांदा वाटलं, घड्याळ बिघडलं. घड्याळ तर सत्यभामेच्या हातात, ती विहिरीवर. हे अनुला सांगावं म्हणून फोन उचलला, तर तिचाच आला. रडत होती. अण्णा, तुम्ही लगेच खाली बसा, कोणाला तरी जवळ बोलवा. तिच्या पाठवणीत ती आईच्या गळ्यात पडून रडली होती. माझ्यासाठी रडल्याचं हे पहिलंच. अशा वेळी, घड्याळ तुझ्या आईच्या हातात होतं, असं म्हटलं की मग महिनाभराच्या पावलांचंही सांगणं आलं. ग्रुपवरच्या लोकांनाही. विठ्ठलरावांनाही.

मी खाली बसलो. बसल्यावर खरंच जरा धडधडलं.

संध्याकाळी नीट विचार केला. सकाळच्या कॅनमधली नासकी धार संध्याकाळी चिलिंग सेंटरला कळते, तसंच हे. गेल्या महिन्यात चार-पाच दिवस मी घड्याळ घातलं होतंच. दोष तेव्हाचा, निघाला आता. सत्यभामेला सांगितलं. ती घाबरली. मग म्हणाली, पर घड्याळ माझ्या हातात व्हतं की. मी समजावलं: बघ, खुर्ची कोणाच्या नावावर आहे? तुझ्या. बसतं कोण? मी. तसंच घड्याळ तुझ्या हातात असलं तरी नाव माझं, मोबाइल माझा. मेसेजमध्ये राधाकिशन लिहिलंय. सत्यभामा लिहिलंय का? तिला पटलं. लगेच माझ्यासाठी मऊ भात टाकला.

२३ मार्च

परळीच्या डॉक्टरांकडं. काळजाचे स्पेशालिस्ट. दवाखाना दुसऱ्या मजल्यावर. सत्यभामा पिशवी घेऊन सोबत. ती मधल्या पायरीवरच बसली, म्हणाली, तुमी व्हा पुढं. मी म्हणालो, पेशंट चढतोय आणि तू बसतेस. लोक हसले.

काळजाची पट्टी काढली, ईसीजी. डॉक्टर म्हणाले, पट्टी एकदम छान. माझा जीव भांड्यात पडला आणि थोडं वाईटही वाटलं. अनुनं ऑफिसातून सुट्टी टाकली होती. पण डॉक्टर म्हणाले, हा आजार येतो-जातो, पट्टीच्या वेळेला सापडेलच असं नाही. मोबाइलवरची घड्याळाची नोंद त्यांनी बराच वेळ बघितली. म्हणाले, हे मात्र चांगलं दिसत नाही. ठोके असे पडले की काळजात रक्त साकळतं, गुठळी होते, ती मेंदूत गेली की लकवा. म्हणून रक्त पातळ करायची गोळी लागते, चुकवायची नाही.

मग विचारलं, काय काय होतं तुम्हाला? मला काहीच होत नव्हतं. पण एवढ्या मोठ्या डॉक्टरपुढं काहीच होत नाही म्हणणं बरं दिसेना. मी म्हणालो, कोंबडीनं पंख झाडल्यासारखं फडफडतं. मध्येच थांबतं. पायातलं बळ जातं. डॉक्टर म्हणाले, अगदी बरोबर, पेशंटनं असं नेमकं सांगितलं की आमचं काम सोपं होतं. सत्यभामा मागं उभी होती, खुर्ची एकच होती. तिनं पदर तोंडाला लावला. नवऱ्याला एवढं होत होतं आणि आपल्याला कळलं नाही, असं तिला वाटलं असणार.

डॉक्टरांनी शेवटी विचारलं, घड्याळ तुमच्याच हातात असतं ना कायम? मी म्हणालो, घड्याळ माझंच आहे.

दोन गोळ्या लिहिल्या. एक रक्त पातळ करायची, एक ठोके शांत ठेवायची. छातीला चोवीस तास मशीन लावून खात्री करायची आहे, त्याला मे महिन्यातला नंबर.

२७ मार्च

विश्रांती. बाज ओसरीवर टाकून घेतली, म्हणजे येणाऱ्यांना सोयीचं. लोक येत आहेत. विठ्ठलराव द्राक्षं घेऊन आले, म्हणाले, चेअरमन, एवढं चालायला नको होतं, अति झालं. मी म्हणालो, व्यसनच लागलं होतं हो.

आलेल्या माणसाला चहा द्यावाच लागतो. सत्यभामा दिवसभर चुलीपुढं. संस्थेत दूध नाही आणि आमच्या ओसरीवर कपबशा थांबत नाहीत. तिला सांगितलं, माझ्यासमोर दमल्याचं दाखवू नकोस, माझ्यावर परिणाम होतो.

३ एप्रिल

चार दिवस घड्याळ मी स्वतः घातलं. बाजेवर पडून. ठोके एकसारखे, देवळातल्या नगाऱ्यासारखे. गोळ्यांचा गुण. पण अनु म्हणाली, अण्णा, पावलं अगदीच गेली, डॉक्टरांनी थोडं चालायला सांगितलंय. म्हणून घड्याळ पुन्हा सत्यभामेला दिलं.

४ एप्रिल

मेसेज आला. म्हणजे चालणं मला मानवत नाही हे सिद्ध झालं. बाजेवरून उतरायचं नाही.

९ एप्रिल, पाडवा

गुढी सत्यभामेनं एकटीनं उभारली. कडुलिंबाच्या काडीनं दात घासताना माझ्या हिरड्यांतून रक्त आलं, थांबेना. दंडावर कुठं लागलं नाही तरी निळा डाग. नाडी मंद. उठलं की डोळ्यांपुढं अंधारी. आजार वाढतोय. अनुला सगळं सांगितलं, ती म्हणाली, आई काय करते तिकडं, तुमच्याकडं लक्ष देत नाही का? मी म्हणालो, देते तिच्या परीनं.

१२ एप्रिल

छबुबाई आली. द्राक्षं खाऊन झाल्यावर चार लोकांदेखत म्हणाली, चेअरमन, तुमचं ऱ्हाऊ द्या, ह्या बाईला दाखवा आधी. काल विहिरीवर मटकन खाली बसली. माझ्या हातात हात दिला तर नाडी कशी पळत व्हती, लहान लेकरू हुंदडावं तशी. मी म्हणालो, माझं एकदा मार्गी लागू द्या, मग तिचं बघू. एका घरात दोन पेशंट झाले तर चहा कोण करणार. सगळे हसले. छबुबाई हसली नाही. तिला पहिल्यापासून विनोद कळत नाही.

सत्यभामा म्हणाली, मला काय धाड भरलीय. तुमी बरे व्हा.

१९ एप्रिल, कामदा एकादशी

सत्यभामा नारायणगडाला गेली. माझ्या काळजासाठी नवस बोलली आहे: गडाच्या पायथ्यापासून वरपर्यंत अनवाणी, तेही निर्जळी. जीपमध्ये बायाबाया मिळून गेल्या. घड्याळ तिच्याच हातात राहिलं होतं.

दुपारी बाराला मेसेज. साडेबाराला पुन्हा. एकला पुन्हा. बाजेवर उताणा पडून मी मोबाइल छातीवर ठेवला. ऊन बाहेर नुसतं भाजत होतं. वाटलं, ती तिकडं नवस फेडतेय आणि माझं काळीज इकडं त्याचा जोर झेलतंय. देवाधर्माच्या गोष्टींना शास्त्राचा आधार असतो तो असा.

संध्याकाळी बायांनी तिला दोन्हीकडून धरून आणली. पायाला फोड. म्हणाली, समदं ठीक हुईल आता, नारळ चांगला निघाला.

२ मे

एक प्रयोग केला. सकाळी घड्याळ मला: ठीक. दुपारी तिला: बिघाड. संध्याकाळी मला: ठीक. दुसऱ्या दिवशी तसंच. तिसऱ्या दिवशी तसंच.

मी बराच वेळ ओसरीवर बसून होतो. मग उलगडा झाला. काकणं. सत्यभामेच्या हातात डझनभर काकणं, ती घड्याळावर आपटतात, त्यात घड्याळाचा गोंधळ होतो. तिला म्हणालो, डाव्या हातातली काढून ठेव. ती म्हणाली, सवाशिणी रिकामा हात ठेवत न्हाईत, आन् तुमच्या दुखण्यात तर मुळीच न्हाई.

काकणांमुळे बिघाड दिसतो म्हटलं तर मग मला आजार नाही, असं होतं. आणि गोळ्या, डाग, अंधारी यांचं काय? तेव्हा तो विषय सोडला.

संकल्प: अनुला एकदा शांतपणे फोन करून सगळं सांगणे. रविवारी.

५ मे, रविवार

अनुला पाहुणे होते. पुढच्या रविवारी.

१० मे, आखाजी (अक्षय तृतीया)

परळीला मशीन लावायचा आज नंबर होता. गेलो नाही. ऊन फार. शिवाय मशीन म्हणजे चोवीस तास छातीला चिकटवलेलं, त्यात काही निघालं नाही तर घड्याळ बघून डॉक्टर काय म्हणतील. अनुला म्हणालो, मशीन बंद पडलं होतं.

सत्यभामेनं पुरणाचं केलं. वाढताना दोनदा भिंतीला टेकली. तिला म्हणालो, तूही जरा पड. ती म्हणाली, टँकर यायची येळ झाली. तेही खरं. टँकर थांबत नाही.

१२ मे, रविवार

उद्या मतदान. गडबड. फोन राहिला.

१६ मे

शहादेव छावणीचं विचारून आला. साहेब म्हणाले, पाऊस तोंडावर आलाय, आता छावणी कशाला? संस्थेत आज दोनच कॅन भरले. मंडपाचा बोर्ड मी रंगवून घेतला होता, तो गोठ्याच्या भिंतीला टेकून ठेवलाय. त्यावर चेअरमन म्हणून सत्यभामेचं नाव आहे आणि फोटो माझा आहे.

२१ मे

सकाळी मेसेज आला. मी नियमाप्रमाणे आडवा झालो, डोळे मिटले, श्वास मोजत राहिलो. विहिरीकडून ओरडाआरडा ऐकू आला. वाटलं, पाण्यावरून भांडणं. रोजचंच आहे. उठलो नाही, डॉक्टरांनी अशा वेळी हालचाल करू नका म्हणून सांगितलेलं. ओरडा वाढला. कोणीतरी माझंच नाव घेत होतं. मी पडूनच हाक दिली, मला बरं नाही.

छबुबाई आत आली. म्हणाली, उठा बे. मला आजवर बाईमाणसानं बे म्हटलेलं नाही.

शेंदताना सत्यभामेच्या हातातून दोर सुटला. तोंड एका बाजूला गेलं. उजवा हात उचलेना. बोलत होती, कोणाला कळत नव्हतं.

शहादेवनं दुधाची जीप आणली. मागं कॅन होते, ते रस्त्यात उतरवले. अंबाजोगाईला नेलं.

२२ मे

अनु आणि जावईबापू रात्रभर गाडी चालवून आले. अनु आधी माझ्याकडं आली. अण्णा, तुम्ही बसा, तुम्हाला ताण नको. जावईबापूंनी मला पाण्याची बाटली दिली. मी बसलो.

आत सत्यभामा झोपलेली. छातीला वायरी, बाजूला मशीन. त्या पडद्यावरची रेघ मला ओळखीची वाटली. डॉक्टर तरुण आहेत. म्हणाले, काळजाचे ठोके अनियमित आहेत, आजचे नाहीत, जुनं दिसतंय. त्यातून गुठळी वर गेली. मग विचारायला लागले. आधी काही त्रास होता का? छातीत फडफड? म्हणालो, कोंबडीनं पंख झाडल्यासारखी. मध्येच थांबते. पायातलं बळ जातं. जिने चढताना? बसावं लागतं. कधीपासून? म्हणालो, मार्चपासून. कोणत्या वेळी जास्त? म्हणालो, दुपारी, पाणी आणताना. गडावर चढताना फार झालं होतं. बारा ते एक.

डॉक्टरांनी लिहिणं थांबवून माझ्याकडं बघितलं. म्हणाले, काका, एवढं बारीक लक्ष असलेला नवरा मी इथं पहिल्यांदा बघतोय. मग म्हणाले, एवढं दिसत होतं तर आणलं का नाही त्यांना?

अनु शेजारी होती.

२३ मे

सिस्टरनं एक प्लॅस्टिकची पिशवी आणून अनुच्या हातात दिली. पेशंटच्या अंगावरच्या वस्तू. मंगळसूत्र, कापलेली काकणं, घड्याळ. अनुनं घड्याळ बाहेर काढलं. पट्ट्याच्या आत चुलीची राख आणि दुधाचा वाळलेला कट. तिनं स्वतःचा मोबाइल काढला आणि मागं मागं बघत गेली. एप्रिल. मार्च. फेब्रुवारी. बराच वेळ. मी भिंतीवरचा हात धुण्याचा तक्ता वाचत होतो. सात पायऱ्या आहेत.

तिनं मला काही विचारलं नाही. विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. सगळं सांगायची माझी तयारी होती, रविवारचं ठरलेलंच होतं.

ती बाहेर जाऊन पायरीवर बसली. जावईबापू तिच्याजवळ गेले. दुपारचा डबा तिनं मला शहादेवच्या हातून पाठवला.

२४ मे

डॉक्टर म्हणतात, हात थोडा सुधारेल, बोलण्याचं सांगता येत नाही. घरी कोण बघणार, असं अनुनं विचारलं तेव्हा मी म्हणालो, मी आहे. तिनं आईला पुण्याला न्यायचं ठरवलं आहे. माझं काय, असं विचारायचं मनात आलं.

संस्थेचं कागदपत्र सहीसाठी आलं होतं, शहादेवनं परत पाठवलं. उजवा हातच गेलेला.

२६ मे, रविवार

चारला आत सोडतात. एकालाच. अनु म्हणाली, तुम्ही जा.

सत्यभामा जागी होती. मला बघून काहीतरी बोलायला लागली. मला कळेना. पाणी का, म्हणालो. नाही. अनुला बोलवू का? नाही. सिस्टर? नाही. तिची चिडचिड झाली, डोळ्यांत पाणी आलं. आजवर तिच्या वतीनं मीच बोललो, साहेबांशी, संघाशी, डॉक्टरांशी, आणि आता तिला काय म्हणायचंय ते मला लागेना. पुन्हा बोलली. गो, गो, एवढंच. मग डावा हात कसाबसा उचलून माझ्या छातीवर ठेवला, आणि बोटं माझ्या तोंडाकडं नेली.

सकाळची गोळी घेतली का, असं विचारत होती.

मी म्हणालो, घेतली.